शेवाळाखालचा सांधा

१२ मार्च

दादा,

नमस्कार मनातल्या मनात केला आहे. कागदावर करणार नाही, कारण मी रागावले आहे. फोन तू उचलत नाहीस. वहिनी उचलते आणि म्हणते, "ते बाल्कनीत आहेत." माणूस बाल्कनीत असून असून किती वेळ असेल? म्हणून पत्र लिहायला घेतलं. पत्राला काही 'बाल्कनीत आहेत' असं सांगून परत पाठवता येत नाही.

बातमी वाईट आहे, तेव्हा आधीच सांगून टाकते. वनस्पती-संग्रहालयात साहेबांनी काल मला खोलीत बोलावलं आणि बटण-ऑर्किडांच्या नव्या ग्रंथासाठी चित्रं काढायला सांगितलं. ग्रंथ कोणाचा, तर त्या कालच्या पोरीचा. तीच, जिने वाचनकक्षात सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की तू शोधलेली, आईचं नाव दिलेली प्रजाती ही प्रजातीच नसावी. एका फांदीवर गुंतलेल्या दोन वेगळ्या ऑर्किडांना तू एकच झाड समजलास, फूल एकाचं आणि पानं दुसऱ्याची. तू खुर्ची मागे सारलीस, भिंग खिशात टाकलंस आणि निघालास तो थेट डोंगरावरच्या घरी. नंतर तुझ्या निवृत्तीचं भाषण साहेबांनी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून केलं. मी त्या खुर्चीच्या शेजारी बसले होते, त्यामुळे अर्धं भाषण मलाच लागू झालं.

तर मी साहेबांना साफ नाही म्हटलं. म्हटलं, "ज्या पुस्तकात माझ्या भावाला खोटं पाडणार, त्यातली चित्रं मी काढू?" साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बाई, या फुलांचे ओठ, ती खालची पुढे आलेली पाकळी, तुमच्यासारखे कोणाला जमत नाहीत." स्तुती केली की मी विरघळते हे त्या माणसाने नेमकं हेरून ठेवलं आहे. शेवटी हो म्हटलं. पण मनात एक अट ठेवून, जी त्यांना सांगितलेली नाही. मी तिथे तुझी हेर म्हणून बसणार आहे. ती पोरगी कुठे चुकते ते डोळ्यांत तेल घालून बघणार आणि तुला कळवणार.

तिला इथे सगळे 'चिमटा' म्हणतात. फुलं उलगडायचा बारीक चिमटा ती अंबाड्यात खोचून फिरते आणि मग टेबलभर शोधत बसते. यावरून तुला अंदाज आलाच असेल.

तुझी धाकटी


२९ मार्च

दादा,

हेराचा पहिला अहवाल: चूक सापडली नाही.

म्हणजे अजून सापडली नाही, सापडेल. तोवर तिची कामाची पद्धत कळवते, निदान कोणाशी गाठ आहे ते तुला समजेल.

सकाळी माझ्या आधी येते. मी आजवर कोणाला माझ्या आधी येऊ दिलेलं नाही हे तुला माहीत आहे, त्यामुळे मी आणखी लवकर यायला लागले, मग तीही आणखी लवकर यायला लागली, आणि कुलूप उघडणारा पहारेकरी आता आम्हा दोघींना शिव्या घालतो. आल्या आल्या ती वाळलेलं फूल कोमट पाण्यात सोडते, साबणाचा एक थेंब टाकते, आणि मग चक्क हात मांडीवर ठेवून बसून राहते. माझ्या टेबलाशी किती संशोधक आले आणि गेले, सगळे फूल भिजायच्या आत टोकरायला लागायचे. तू तेवढा थांबायचास. ही दुसरी. फूल आपणहून मऊ झालं की मग चिमटा अंबाड्यातून निघतो. पाकळ्या उलगडते, ओठ हळूच खाली ओढते, वरची टोपी उचलते आणि आतले आठ परागपुंज काचेवर ओळीने उतरवते. मोहरीच्या दाण्याहून लहान वस्तू, दादा, आणि एकही हरवत नाही. मी पेन्सिल खाली ठेवून बघत राहिले. नंतर माझाच मला राग आला.

तिच्यामुळे ही बटणं मी पुन्हा नव्याने बघते आहे. इतकी वर्षं काढून काढून हात त्यांना सरावला होता, डोळा झोपला होता. फांदीच्या सालीला चिकटलेली चपटी हिरवी खोडं, अंगावर वाळक्या जाळीचं वेष्टन. फुलतात तेव्हा पान नावालाही नसतं, आणि पानं येतात तेव्हा फूल कधी येऊन गेलं याचा पत्ता नसतो. झाडावर राहतात, पण झाडाचं काही खात नाहीत. बसायला तेवढी जागा घेतात, पाणी हवेतलं आणि खाणं सालीत अडकलेल्या कचऱ्यातलं. साहेबांनी एकदा प्रदर्शनाच्या फलकावर 'बांडगुळे' लिहून टाकलं होतं आणि तू पाहुण्यांदेखत स्टुलावर चढून तो फलक उतरवला होतास, ती गोष्ट मी चिमटाला सांगितली. पोट धरून हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "मीसुद्धा उतरवला असता, ताई."

आणखी एक. तिच्या टेबलावर तुझी ओळखकिल्ली असते. जाळी बारीक की जाड, फुलं एकेकटी की घोसात, असे दोन दोन प्रश्न विचारत माणसाला नेमक्या जातीपर्यंत आणून सोडणारी तुझी ती किल्ली. तिच्या प्रतीचं एकही पान चिकटपट्टीशिवाय जागेवर राहत नाही. मी खोचकपणे विचारलं, "भांडायचं ज्याच्याशी, त्याचंच पुस्तक एवढं वाचायचं?"

म्हणाली, "भांडण किल्लीशी नाहीच. मी याच किल्लीवर शिकले. सरांची किल्ली लावली की कुलूप उघडतंच. फक्त एका ठिकाणी उघडत नाही. आणि तिथे मला वाटतं कुलूपच नाहीये, कोणीतरी भिंतीवर रंगवलंय."

यावर उत्तर काय द्यायचं? तुला सुचलं तर कळव.

धाकटी


२० एप्रिल

दादा,

आज तुझा प्रमाण नमुना पाहिला. ज्या एका वाळक्या झाडावरून तू प्रजातीचं वर्णन लिहिलंस आणि ज्या कागदाला आईचं नाव कायमचं बांधलं गेलं आहे, तो कागद. लाल कव्हर उघडायच्या आधी मी हात धुऊन आले. चिमटाने धुतले होते, तरी माझं बघून पुन्हा धुतले.

तो तू गोळा केलास तेव्हा मी इथे नोकरीला नव्हते. चित्र तूच काढलं होतंस. रागावू नकोस, पण तुझ्या हातात चित्रकला नाही. पानं कागदी दिसतात आणि फुलाचा ओठ जिभेसारखा लोंबतो. एक गोष्ट मात्र अप्रतिम काढली आहेस, ती म्हणजे शेवाळ. फुलाचा दांडा आणि पानाचं खोड जिथे मिळतात, नेमका तिथे शेवाळाचा झुपका आहे, एकेक तंतू जीव लावून काढलेला. मग आम्ही खरा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तिथेही शेवाळच. खालचा सांधा दिसत नाही.

मी म्हटलं, "मग तू कशावरून म्हणतेस की सांधा नाही?"

ती म्हणाली, "फूल बघा ना. आठ परागपुंज, तोच ओठ, तीच लव. हे आपल्या नेहमीच्या बटणाचं फूल आहे, त्यात तसूभर फरक नाही. आणि पानं बघा. बटणाला फुलताना पानं नसतातच. फूल एका घरचं आणि पानं भलत्याच घरची. आता तुम्ही सांगा, सर कशावरून म्हणतात की सांधा आहे?"

साहेब मागे उभे होते. म्हणाले, "एवढं काय त्यात? काढा शेवाळ. मी परवानगी देतो."

चिमटाने कव्हर मिटलं. "शेवाळ काढलं तर वाळलेली मुळं तुटतील. मग सिद्ध काहीच होणार नाही आणि नमुना मात्र जाईल. सरांच्या नमुन्याला सरांशिवाय मी हात लावणार नाही."

"ते येणार नाहीत," साहेब म्हणाले.

"मग थांबते," ती म्हणाली. साहेबांच्या तोंडावर असं बोलणारं माणूस मी तुझ्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

तिने तुझ्या कागदावर आपली चिठ्ठीसुद्धा लावलेली नाही. आपल्याकडचा रिवाज तुला सांगायला नको. जुन्या माणसाची चिठ्ठी कोणी काढायची नाही, मत वेगळं असेल तर स्वतःची चिठ्ठी तिच्याखाली चिकटवायची, नाव घालून. काही कागदांवर तर मेलेले आणि जिवंत सगळे रांगेत उभे राहून भांडत असतात. तिला हक्क होता. मी विचारलं, भाषण ठोकलंस आणि चिठ्ठी नाही लावलीस? म्हणाली, "भाषणात मी शंका मांडली होती. सर थांबले असते तर शेवटचं वाक्य ऐकलं असतं."

शेवटचं वाक्य असं होतं म्हणे: याचा निकाल फक्त सरांकडचं जिवंत झाड लावू शकेल. मी त्या खोलीत होते, पण मीही ते ऐकलं नाही. मी तुझ्या मागे जिन्याकडे धावत होते.

जिवंत झाड म्हणजे त्याच फांदीवरचा तुकडा, जो तू तेव्हापासून लाकडाच्या फळीवर बाल्कनीत वाढवतो आहेस. तिने तुला त्यासाठी दोन पत्रं लिहिली. तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस. दादा, तिला एकदा ते झाड बघू दे ना. तुझ्यासमोर बघेल. तू नको म्हणशील तिथे हात लावणार नाही, हे मी तुला खात्रीने सांगते.

मी कोणाची बाजू घेते आहे असं समजू नकोस.

धाकटी


८ मे

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एवढंच: "चित्रं तू काढ. वनस्पतींचं आम्ही बघू."

आम्ही म्हणजे कोण रे? त्या बाल्कनीत तू आणि ते झाड, असे दोघंच तर आहात.

वाचून माझा पारा असा चढला की दिवसभर रंग पातळ होत राहिला. ठीक आहे. मला वनस्पतींतलं कळत नाही असं धरून चालू. मग चित्रांचंच बोलू. मी इथे नवी असताना एका पाकळीला जरासा डौलदार बाक दिला होता, चांगला दिसतो म्हणून. तू खरी पाकळी माझ्यासमोर ठेवलीस आणि म्हणालास, "छोटी, झाडाला तुझ्या मदतीची गरज नाहीये. दिसतं तेवढंच काढ." मी स्वच्छतागृहात जाऊन रडले होते. पण त्यानंतर मी जे काही चित्र म्हणून काढलं ते त्या एका वाक्यावर काढलं. देशोदेशीचे लोक माझ्या चित्रांवर भरवसा ठेवतात, तो खरं तर त्या वाक्यावरचा भरवसा आहे.

तर तुझ्या झाडाचं नवं चित्र मी पूर्ण केलं आहे. फूल आहे, पानं आहेत, मुळंही आहेत. मधली सांध्याची जागा पांढरी सोडली आहे. शेवाळ मलाही काढता येतं, पण काढलेलं नाही. साहेब म्हणाले, "बाई, हे भोक कसलं? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "जे मला दिसलं नाही, ते हे आहे." साहेबांनी कपाळाला हात लावला. चिमटाने चित्र उजेडाला धरलं, खूप वेळ बघितलं आणि मला वाकून नमस्कार केला. मी तिला चहा आणायला पाठवलं.

आता आईचं. तुला वाटतं तिचं नाव पुसलं जाईल. मलाही तसंच वाटत होतं. मी चिमटाला हे बोलून दाखवलं तर तिने मला एक जुना ग्रंथ काढून दाखवला. प्रजाती दुसरीत विलीन झाली तरी तिचं नाव कोणी फेकून देत नाही. मुख्य नावाच्या खाली, समानार्थी नावांमध्ये, बारीक अक्षरात ते राहतं, देणाऱ्याच्या नावासकट. जोवर कोणी ही झाडं ओळखत राहील तोवर राहतं. दादा, आई तरी कधी मोठ्या अक्षरात होती? बोलायची तीसुद्धा दुसऱ्याचं वाक्य संपल्यावर, हळू आवाजात. तिला चाललं असतं.

मला नावाची भीती नाही, तुझी आहे. तू त्या बाल्कनीत बसून आपण बरोबर असल्याचं स्वतःला सांगत राहशील आणि एक दिवस तुला ते खरं वाटायला लागेल. ज्याच्याकडून मी बघायला शिकले, तोच शेवाळाखाली बघायला घाबरला, हे मला उरलेला जन्म माहीत असेल. ते माझ्याने सोसवणार नाही. इतकं स्पष्ट मी तुझ्याशी कधी बोलले नव्हते. समोर असतास तर आताही बोलले नसते.

धाकटी


१९ जून

दादा,

वहिनीचा फोन आला होता. तू माझी पत्रं वाचत नाहीस असं तुझं म्हणणं आहे, असं ती म्हणाली. "पण पाकिटं फोडलेली असतात," असंही म्हणाली. तेव्हा हेही तू वाचणार नाहीस असं समजून लिहिते.

अभिनंदन. तुझी प्रजाती राहिली.

झालं असं की ग्रंथ छापखान्यात जायची वेळ जवळ आली. साहेबांनी तोडगा काढला: तुझ्या प्रजातीपुढे प्रश्नचिन्ह टाकायचं, 'संशयास्पद' म्हणून तळटीप द्यायची आणि मोकळं व्हायचं. मला वाटलं, चिमटा लगेच मान्य करेल. तिच्या फायद्याचंच होतं ते. मी रंगाच्या वाट्या पुसत बसले होते, कान तिकडेच होते.

चिमटा म्हणाली, "प्रश्नचिन्ह लावून सरांना टांगून ठेवायचं? मला तसं नाही लिहायचं."

"मग काय करायचं म्हणता?"

"माझ्याकडे पुरावा नाही. शंका म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा नसेल तर प्रजाती आहे तशी राहील. मी सरांचं वर्णन जसंच्या तसं घेते."

साहेब म्हणाले, "अहो, तुम्हीच तर भाषणात सांगितलं होतं की ती प्रजाती नाही! लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत," ती म्हणाली. कान लाल झाले होते तिचे, पण आवाज हलला नाही. "मला अजूनही वाटतं की मी बरोबर आहे. पण मला वाटतं एवढ्यावर मी कोणाची आयुष्यभराची मेहनत खोडणार नाही. सरांनी तरी खोडली असती का?"

साहेबांना हात टेकावे लागले. दादा, वाटी माझ्या हातातून सुटून फुटली. ती पोरगी स्वतःच्या ग्रंथात स्वतःला खोटं पाडायला तयार झाली आहे, आणि तेही तुझी किल्ली वापरून. तुझ्या किल्लीतली प्रश्नांची ती एक जोडी, जी उघडत नाही असं तिला वाटतं, तीसुद्धा तिने स्वच्छ अक्षरात तशीच उतरवून घेतली. मी तिच्या शेजारी बसून ते बघितलं.

तर आता तुला काहीच करायचं नाही. गप्प बसलास की जिंकलास. बाल्कनीत बस, झाडाला पाणी घाल. मधल्या पांढऱ्या जागेचं चित्र साहेब छापणार नाहीत, तुझंच जुनं, शेवाळवालं छापतील. आईचं नाव मोठ्या अक्षरात येईल. मला आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन पानावर वाढलेलं तसंच झाकून ठेवलं.

तुझी हेरगिरी आज मी सोडली. त्या कामाची मी नव्हतेच.

धाकटी


२६ ऑगस्ट

दादा,

माझ्या लाडक्या, हट्टी, खडूस दादा,

खोकं पोचलं. टपालवाला ते हातात धरून पायऱ्या असा चढला की जणू आत अंडी आहेत, कारण वहिनीने वर चारही बाजूंना 'जिवंत' लिहिलं होतं. तुझं अक्षर कुठेच नव्हतं. मला वाटलं वहिनीने काहीतरी रोप पाठवलं असेल. चिमटाला हाक मारली, कारण रोपं मारण्यात माझा हातखंडा आहे.

आत ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या दोन पुरचुंड्या होत्या. तिने एक सोडली. चपटी जाळीदार बटणं, पान एकही नाही, आणि मधोमध फूल, ताजं. दुसरी सोडली. लांबट खोडं, प्रत्येकावर दोन हिरवी पानं, फूल नाही. आणि दोन्हींची मुळं धुऊन स्वच्छ केलेली, पांढरी, लांबच लांब, टोकापर्यंत अखंड. चिमटाने भिंग घेऊन एकेक मूळ टोकापर्यंत तपासलं. एकही तुटलेलं नव्हतं. इतक्या वर्षांची गुंतागुंत, एकमेकांभोवती वेटोळे घातलेली केसासारखी मुळं, आणि तू ती सोडवलीस. फुलाच्या दांड्याचा सांधा बटणाला होता. पानाच्या खोडाला त्याचा स्पर्शसुद्धा नव्हता.

चिमटाने भिंग बाजूला ठेवलं. मग खाली बसली आणि म्हणाली, "मी कापलं असतं, ताई. मला जमलंच नसतं हे, मी घाई करून कापलं असतं." आणि रडायला लागली. मीही लागले. साहेब डोकावले, आमच्याकडे बघून त्यांना वाटलं झाड मेलं, आणि दार लोटून निघून गेले.

मग वहिनीला फोन केला. तिने सगळं सांगितलं, तू बाल्कनीत आहेस म्हणून बिनधास्त सांगितलं. माझं शेवटचं पत्र तू दोन दिवस खिशात घेऊन फिरलास म्हणे. मग फळी खाली काढलीस, परातीत पाणी घेतलंस आणि तिच्याकडे तिचा पावडरीचा ब्रश मागितलास. "जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत," ती म्हणाली. "मान आखडली, मलम चोळून दिलं, की पुन्हा परातीशी. एवढे मन लावून बसलेले मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदा पाहिले." आणि दोन्ही झाडं बाजूला झाली तेव्हा तू काय केलंस, असं मी विचारलं. "काही नाही ग. बराच वेळ बघत बसले. मग हसले आणि म्हणाले, पोरीचं बरोबर आहे."

दादा, तुला काहीच करायचं नव्हतं. तू नुसता बसून राहिला असतास तरी जिंकला होतास. मी तुला तसं लिहिलंही होतं, टोचून लिहिलं होतं. तू तुझ्याविरुद्धचा पुरावा तुझ्या हातांनी सोडवून, धुऊन, ओल्या शेवाळात गुंडाळून पाठवलास. मला तुझा फार फार अभिमान वाटतो. बालपणी तू मला सगळ्यात मोठा वाटायचास. मध्ये काही महिने तसा वाटला नाहीस. आता पुन्हा वाटतोस, आणि या वेळी कारणासकट वाटतोस.

मी आज पांढऱ्या जागेचं चित्र बाजूला ठेवून नवं सुरू केलं. एकाच कागदावर दोन झाडं, शेजारी शेजारी, आपापल्या मुळांवर. साहेबांनी छपाई थांबवली आहे. चिमटाचं म्हणणं असं आहे की प्रजाती विलीन झाल्याचं तू लिहावंस, तुझ्या नावाने, कारण निकाल तू लावलास. नमुन्यावरची चिठ्ठीही तिने कोरी ठेवली आहे. तिला आता तुझ्याशी बोलायचं आहे आणि फोन करायला ती घाबरते. तेव्हा एकदा तरी फोन तू उचल.

आईचं नाव कसं दिसतं ते मी बारीक अक्षरात लिहून बघितलं. छान दिसतं.

तुझी
धाकटी


४ ऑक्टोबर

चिमटा,

तुझ्या पत्रांवर तुझं खरं नाव आहे, पण धाकट्या बहिणीची पत्रं वाचून वाचून आता हेच तोंडात बसलं आहे. राग मानू नकोस.

तुझ्या दोन पत्रांची उत्तरं राहिली होती. पहिल्यात विचारलं होतंस, सांधा तुम्ही स्वतः पाहिला होता का. नव्हता पाहिला. ती फांदी हातात आली तेव्हा फूल आणि पानं एकत्र दिसली आणि मला इतका आनंद झाला की पुढे बघायचं राहून गेलं. नंतर दर वर्षी त्या पानांतून फूल वर येताना दिसायचं, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. दुसऱ्या पत्रात झाड बघायला मागितलं होतंस. ते पोचलं आहे.

विलीनीकरण तूच लिही आणि चिठ्ठी तूच लाव. आधी तू ओळखलंस, मी नंतर. ग्रंथात माझ्या किल्लीचं कौतुक कमी कर, दोन ठिकाणी जास्त झालं आहे असं बहिणीने पाठवलेल्या पानांवरून दिसतं. ती जोडी खोडलीस ते उत्तम, किल्ली आता हलकी झाली.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. पानवाल्या झाडाचा अर्धा भाग मी माझ्याकडे ठेवला होता. इतकी वर्षं त्याच्या पानांत फुलं दिसायची, म्हणून त्याला स्वतःचं फूल एकदाही आलेलं नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. आता एकटं फळीवर बसवल्यावर नव्या खोडाच्या टोकाला कळी धरली. परवा उघडली. तेव्हापासून भिंग घेऊन बसलो आहे. माझी किल्ली लावली, तिसऱ्याच प्रश्नाला अडली. दुसऱ्यांच्या लावून पाहिल्या, त्याही लागत नाहीत. नाव द्यायचा मोह झाला होता. आवरला.

मला हे ओळखू येत नाही. तू ये आणि बघ. छोटीला रंगांसकट घेऊन ये. लवकर या, फूल फार दिवस टिकणार नाही.